लेणी कोरणारे हात

लेण्यांविषयी बोलताना आपण सहज म्हणतो, हे सातवाहनांनी खोदले, ते राष्ट्रकूटांनी. राजांनी व श्रेष्ठींनी दाने दिली हे खरे. परंतु टाकी धरणारा हात निराळा होता. त्या हाताची साक्ष दगडातच सापडते.

प्रथम कामाची रीत पाहू. घर पायापासून वर चढते. लेणे छतापासून खाली उतरते. पाथरवट वरच्या अंगाने डोंगरात शिरत, छत पुरे करीत आणि मग पायाखालचा खडक फोडीत खाली येत. त्यामुळे उंच परांचीची फारशी गरज पडत नसे. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अपुरे राहिले, म्हणून तेथे ही रीत उघडी दिसते. आधी लांब चर आत न्यायचे, मग मधल्या भिंती फोडायच्या आणि खांबांपुरता दगड राखायचा. येथे घाव चुकला तर दगड बदलता येत नाही. असे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. ते शिस्तीच्या ताफ्याचे काम होय.

या ताफ्यात कामाची वाटणी होती. कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेखात ‘सेलवढकी’ म्हणजे पाथरवट आणि ‘मिठिक’ म्हणजे दगड घासून गुळगुळीत करणारा, असे वेगवेगळे कारागीर नोंदले आहेत. कार्ल्यास दाराचे काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले. पितळखोऱ्याचा यक्ष कण्हदास सोनाराने घडविला. कर्जतजवळ कोंडाणे येथील लेख सांगतो की, हे काम कण्हाचा शिष्य बलक याचे. म्हणजे लाकूड व सोने घडविणारे हात दगडाकडे वळले होते, आणि विद्या गुरूकडून शिष्याकडे जात होती.

मजुरीचे काय? या लेखांत तिचा उल्लेख नाही. इजिप्तमध्ये मात्र तो सापडतो. तेथे राजांची थडगी खोदणारे कारागीर देर अल मदिना या वसाहतीत राहत. त्यांची हजेरी, गैरहजेरीची कारणे आणि शिध्याचे धान्य यांच्या नोंदी उरल्या आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे ११५७ मध्ये, तिसऱ्या रामसेसच्या राज्यात, धान्य थकले तेव्हा त्यांनी काम बंद ठेवले. ज्ञात इतिहासातील हा सर्वांत जुना संप. थडगे देवतुल्य राजाचे असले, तरी खोदणाऱ्याला पोट होतेच.

आपल्या खेडच्या छोट्या लेण्यांत जाल, तेव्हा नजर आधी छताकडे न्या. बलकाच्या जातकुळीतल्या कुणा कारागिराने तेथूनच कामास हात घातला असेल.