विहीर नासण्याआधी

छत्रपती संभाजीनगरचा कचरा तीन दशकांहून अधिक काळ नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये मांडकी आणि परिसरातील गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा विहिरींचे पाणी खराब झाल्याची तक्रार त्यांच्या तोंडी होती. भूजल एकदा नासले की ते शुद्ध व्हायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणूनच जमिनीवर सांडलेली घाण खालच्या पाण्यापर्यंत किती सहज पोहोचेल, हे जागा निवडतानाच विचारायला हवे.

या प्रश्नाचे उत्तर आधी काढता येते. भूजलाच्या प्रदूषणप्रवणतेची कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ मार्गा यांनी १९६८ मध्ये मांडली. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी 'ड्रॅस्टिक' ही पद्धत तयार झाली. त्यात सात गोष्टी तपासतात आणि प्रत्येकीला १ ते १० गुण देतात. मग त्या गुणांना ठरलेल्या भाराने गुणतात. पाण्याची खोली आणि पाण्याच्या पातळीवरचा कोरडा थर यांना प्रत्येकी ५, पावसाने होणाऱ्या पुनर्भरणाला ४, जलधराचा (पाणी धरून ठेवणाऱ्या थराचा) खडक आणि त्याची पारगम्यता यांना प्रत्येकी ३, मातीला २ आणि उताराला १ असा हा भार असतो. सगळ्यांची बेरीज जितकी मोठी, तितका तो जलधर नाजूक.

आपल्याकडे काय दिसते? हे शहर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसले आहे. काळा पाषाण अभेद्य वाटतो, पण पाणी राहते ते त्याच्या भेगांत, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि वरच्या मुरमात. ड्रॅस्टिकच्या तक्त्यात वाळू-गोट्यांच्या जलधराला साधारण ८ गुण आहेत, तर आपल्या काळ्या पाषाणाला, म्हणजे बेसॉल्टला, ९. वाळूतून झिरपताना पाणी काही प्रमाणात गाळले जाते. रुंद भेगेतून ते जवळजवळ तसेच खाली उतरते.

काळ्या मातीचाही भरवसा धरता येत नाही. चिकण माती पाणी अडवते हे खरे, आणि न आकसणाऱ्या चिकण मातीला तक्त्यात फक्त १ गुण आहे. पण वाळल्यावर भेगाळणाऱ्या मातीला थेट ७ गुण मिळतात. उन्हाळ्यात आपल्या रानांना पडणाऱ्या भेगांतूनच पहिल्या पावसाचे पाणी खते आणि मैला घेऊन खाली जाते. माळावर तर मुरूम उघडाच असतो. त्यात पावसाळ्याअखेर विहिरींची पातळी वर येते आणि घाणीला कापायचे अंतर आणखी कमी होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने नहर-ए-अंबरी या जलवाहिनीतून शहराला पाणी पुरवले, ते याच उथळ भूजलाच्या जोरावर. सहज हाती येणारे पाणी सहज बाटतेही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ती निसर्गाने दिलेली प्रवणता सांगते, प्रत्यक्ष प्रदूषण नाही. कठीण खडकात भेगांच्या रेषा वेगळ्या मोजाव्या लागतात. खाम आणि सुखना नद्यांतले सांडपाणी, वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने, घरोघरच्या सेप्टिक टाक्या हा प्रदूषणाचा भार या गुणांवरून काढलेल्या नकाशावर स्वतंत्र चढवावा लागतो. केसिंग नीट न बसवलेली बोअरवेल तर वरची घाण खालच्या थरात थेट पोहोचवते. म्हणून नकाशा विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटशी ताडून पाहतात. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

या कामासाठी लागणारी बरीच माहिती सरकारदरबारी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यावरून शहर आणि तालुक्याचा प्रवणता-नकाशा तयार व्हावा. कचरा डेपो, सांडपाणी प्रकल्प किंवा औद्योगिक वसाहतीची जागा त्यावर तपासल्याशिवाय मंजूर होऊ नये. तुमच्या गावाजवळ असा प्रकल्प येत असेल, तर ग्रामसभेत हा नकाशा मागा. आणि आपल्या विहिरीचे पाणी पावसाळ्याआधी व नंतर तपासून घ्या.