वाट किती उरली?

अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीचे वर्ष आले, की आमच्या तामलवाडीतही चहाच्या टपरीवर वाद रंगतो. परदेशच्या बातम्या मी आवडीने वाचतो हे ठाऊक असल्याने तरुण मंडळी मलाच पकडतात. ‘‘काका, हा गडी आधी हरत होता, आता ओळीने राज्ये जिंकत सुटलाय. पक्षाची उमेदवारी आता त्यालाच मिळणार ना?’’

प्रश्न रास्त आहे. कुस्तीच्या फडात शेवटच्या घटकेला डाव मारणारा जिंकतोच की! मग मतांच्या फडात तसे का होऊ नये?

तिकडची रीत अशी. उमेदवारी एका दिवसात ठरत नाही. वर्षाच्या आरंभापासून जूनपर्यंत एकेका राज्यात पक्षांतर्गत मतदान होते आणि त्याप्रमाणे उमेदवारांना प्रतिनिधी मिळतात. पुढे पक्षाचे अधिवेशन भरते. तिथे निम्म्याहून अधिक प्रतिनिधी ज्याच्या मागे, तो उमेदवार. तेव्हा राज्ये किती जिंकली यापेक्षा प्रतिनिधी किती जमले, हा खरा हिशेब.

कोजागिरीला सोलापुराहून तुळजापूरला पायी जाणारे भाविक आमच्या गावावरून जातात. दुपारी निघालेला आजोबा सावकाश चालत असतो. रात्री निघालेला तरणाबांड पोरगा त्याच्या दुप्पट वेगाने येतो. पोरगा आजोबांना गाठील का? ते त्याच्या वेगावर जेवढे अवलंबून, तेवढेच वाट किती उरली यावर. तुळजापूरची वेस जवळ आली असेल, तर वेग घेऊन काय करायचे?

२००८ साली हिलरी क्लिंटन यांचे हेच झाले. फेब्रुवारीत बराक ओबामांनी लागोपाठ राज्ये जिंकून आघाडी घेतली. पुढे ओहायो, पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी ही राज्ये क्लिंटनबाईंनी जिंकली. अगदी ३ जूनला साउथ डाकोटाही जिंकले. पण त्याच दिवशी ओबामांचे बहुमत पुरे झाले. त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधींची वाटणी मतांच्या प्रमाणात होते. एखाद्या मतदारसंघात चार प्रतिनिधी असतील आणि मते ५५ विरुद्ध ४५ अशी पडली, तर वाटणी दोन-दोन! जिंकल्याचा गुलाल उधळावा, पण अंतर तसूभरही कमी होत नाही. १९८० साली एडवर्ड केनेडींनी अखेरच्या दिवशी कॅलिफोर्निया, न्यूजर्सी अशी मोठी राज्ये जिंकली, तरी त्याच दिवशी जिमी कार्टर यांची पुंजी भरली.

याच्या उलट १९७६ सालचे रिपब्लिकन पक्षाचे उदाहरण. रोनाल्ड रेगन सुरुवातीला हरत होते. २३ मार्चला नॉर्थ कॅरोलायना जिंकले आणि वारे फिरले. त्या पक्षात काही राज्ये जिंकणाऱ्याला सगळेच प्रतिनिधी देऊन टाकत, शिवाय कोणालाच शब्द न दिलेले प्रतिनिधीही होते. वाट पुष्कळ उरली होती. तरीही अखेर जेराल्ड फोर्ड यांना ११८७ आणि रेगन यांना १०७० मते पडली. उशिराच्या विजयांनी उमेदवारी उंबऱ्यापर्यंत आली, घरात मात्र आली नाही.

आता आपल्या घरचा दाखला घेऊ. आपल्याकडे राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी राज्याराज्यांत मतदान होत नाही. बैठकीत बसलेली मोजकी माणसे नाव ठरवतात. मे १९६९ मध्ये डॉ. झाकिर हुसेन वारले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील या दोघा मराठी नेत्यांची मते नीलम संजीव रेड्डींच्या बाजूला पडली आणि चार विरुद्ध दोन मतांनी रेड्डींचे नाव कायम झाले.

आठवडाभरात इंदिराबाईंनी मोरारजी देसाईंचे अर्थखाते काढून घेतले आणि चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. देशभर जयजयकार झाला. एवढा मोठा उशिराचा विजय, पण उमेदवारी बदलली का? नाही. रेड्डींच्या अर्जावर खुद्द इंदिराबाईंची सही होती! बदलली ती निवडणूक. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले होते. आमदार-खासदारांनी सदसद्विवेकाला स्मरून मत द्यावे, असा पुकारा झाला.

मतमोजणीत तर आमच्या टपरीवरच्या प्रश्नाचे उत्तरच मिळते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५ आणि रेड्डींना ३,१३,५४८ मतमूल्य मिळाले. तिसरे होते चिंतामणराव देशमुख. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांना १,१२,७६९ मिळाली. बहुमत कोणालाच नाही. मग तळाचे उमेदवार एकेक बाद करून त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली.

या उशिराच्या मतांत रेड्डींनी ९१,८७९ मिळवली, गिरींनी अवघी १८,५६२. जवळजवळ पाचपट! तरी शेवटचा आकडा गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. मागचे अंतर भरून काढायला रेड्डींना या मतांतली शेकडा ९० हवी होती, मिळाली ८३. शेवटच्या टप्प्यात दणदणीत जिंकून माणूस हरतो, तो असा. (हेच रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले, हा दैवाचा खेळ निराळा.)

म्हणून मी पोरांना सांगतो, उशिरा जिंकणाऱ्याची उमेदवारी फिरू शकते, पण दोन अटींवर. वाट पुरेशी उरलेली हवी आणि जिंकल्याचे माप नियमाने भरघोस मिळायला हवे. टाळ्या किती पडल्या, हे त्या हिशेबात कुठेच धरत नाहीत.

आणि आपल्या पुरते म्हणाल, तर आपण मध्यमवर्गीय माणसे निकालाच्या दिवशी दूरचित्रवाणीपुढून हलत नाही. चहाही तिथेच मागवतो. उमेदवार कोण असावा, हे ठरायचे असते तेव्हा मात्र आपण घरात नाही तर कचेरीत असतो. बंगळूरच्या त्या खोलीतली मोजकी मते देशभरच्या जयजयकारालाही पुसता आली नाहीत. आपल्या गावात, आपल्या वॉर्डात अशी खोली कुठे असते आणि तिथे कोण बसते, याची चौकशी निवडणूक जाहीर होण्याआधी करावी. तेव्हा पुष्कळ वाट उरलेली असते.