स्वस्त सेल महाग का पडतो? १८६५० सेलची खरेदी, नवीन दुकानदारासाठी



परवाच्या व्हिडिओत मी टेबलावर दोन रिचार्जेबल सेल ठेवले होते. दिसायला अगदी सारखे. एकावर छापलं होतं ९९०० एमएएच, दुसऱ्यावर २६००. पहिला ७० रुपयांचा, दुसरा १८० चा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पहिला निवडला. राग मानू नका, दुकान टाकलं त्या वर्षी मीही तोच निवडला होता.

झालं असं. बाहेरच्या एका होलसेलरकडून मी दोनशे सेल मागवले आणि टॉर्चमध्ये घालून विकायला लागलो. आमच्याकडे गावात टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. एका काकांनी अशी एक बॅटरी नेली. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, काका उसाला दारं धरायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती बॅटरी आणून काउंटरवर ठेवली. भांडले नाहीत, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले, "पोरा, अर्ध्या तासात मेली बघ ही. सापाकिरड्याच्या रानात अंधारात बसून होतो मी."

पैसे तर मी परत दिलेच. पण बीबीएला मार्जिन काढायला शिकलो होतो, त्या हिशोबात हे वाक्य कुठं बसवायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आजचा लेख. सेल विकायचे असोत, टॉर्च-फवारणी पंप दुरुस्तीचं काम सुरू करायचं असो, नाहीतर बॅटरी पॅक बनवायचे असोत, खरेदी कशी करायची ते एकदा नीट समजून घ्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट

१८६५० सेलची माहिती शोधायला गेलात तर इंटरनेटवर व्हेप म्हणजे ई-सिगारेटवाल्यांसाठी लिहिलेलं खूप काही सापडतं. कारण परदेशात बऱ्याच व्हेपमध्ये हाच सुटा सेल घालतात. त्यामुळे काही जण मला विचारतात, "सर, व्हेपचं सामान ठेवू का? मार्जिन चांगलं आहे म्हणतात."

नाही. सरळ नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑनलाइन विकलं तरी तेच. नुसता साठा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोट भरायला धंदा करायचाय, कोर्टाच्या तारखा मोजायला नाही.

पण त्या लोकांच्या अनुभवातून शिकण्यासारखं आहे. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात ठेवला आणि मांडी भाजली, असे प्रकार तिकडे झाले. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये लोकांना स्पष्ट सांगितलं, की हे सुटे सेल विकत घेऊ नका, वापरू नका. हे सेल मुळात संरक्षक सर्किट असलेल्या पॅकमध्ये बसवण्यासाठी बनवलेले असतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८६५० म्हणजे काय?

हे मॉडेलचं नाव नाही, माप आहे. १८ म्हणजे जाडी १८ मिलिमीटर, ६५ म्हणजे लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचा शून्य म्हणजे गोल नळकांडं. तसंच २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. लॅपटॉप, पॉवर बँक, टॉर्च, ड्रिल मशीन, फवारणी पंप, सगळीकडे हाच १८६५० दिसेल.

हा लिथियम-आयन सेल. लेबलवर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं, पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. ४.२ च्या वर भरायचा नाही आणि अडीच-तीन व्होल्टच्या खाली उतरवायचा नाही. दोन्हीकडे धोका आहे.

टाकी केवढी, पाईप केवढा?

सेलवर दोन आकडे महत्त्वाचे. पहिला एमएएच, म्हणजे टाकीत पाणी किती. दुसरा अँपिअर, म्हणजे पाईप किती जाड, एका वेळी किती करंट सुखरूप ओढता येतो. नवीन माणूस फक्त पहिला आकडा बघतो. फसतो तिथेच.

एकाच मापाच्या डब्यात दोन्ही गोष्टी भरपूर बसत नाहीत. एक वाढवली की दुसरी कमी होते. नामांकित कंपन्यांचेच सेल बघा. सॅमसंग ३५ई: ३५०० एमएएच, पण ८ अँपिअर. सॅमसंग ३०क्यू: ३००० एमएएच, १५ अँपिअर. सॅमसंग २५आर: २५०० एमएएच, २० अँपिअर. टाकी लहान होत गेली तसा पाईप जाड होत गेला.

मग आपल्याला कुठला लागतो? साधा हिशोब करा. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. १० वॅटचा टॉर्च: १० भागिले ३.७, म्हणजे २.७ अँपिअर. इथे २० अँपिअरचा महागडा सेल घालणं म्हणजे दुचाकीला ट्रकचं टायर. टॉर्चला टाकी मोठी हवी, पाईप साधा चालतो.

फवारणी पंप घ्या. १२ व्होल्टचा, ८ अँपिअर-अवरचा पॅक हवा असेल तर २६०० चे नऊ सेल लागतात. तीन-तीन सेल समांतर जोडायचे आणि असे तीन गट एकामागे एक. होतात ७.८ अँपिअर-अवर. मोटर ३ अँपिअर ओढत असेल तर प्रत्येक सेलवर फक्त १ अँपिअर येतो. इथेही साधा, पण खरा २६०० चा सेल पुरेसा. ड्रिल मशीनचं उलट. ते झटक्यात खूप करंट ओढतं, तिथे जाड पाईपचाच सेल पाहिजे. साधा घातला तर तापतो आणि लवकर मरतो.

म्हणजे 'सगळ्यात चांगला सेल कुठला?' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'कशात घालायचाय?' हे आधी विचारा. गिऱ्हाईकालाही हेच विचारा.

खोटा सेल ओळखायचा कसा?

१. आकडा बघा. आज बाजारात सहज मिळणाऱ्या चांगल्या १८६५० ची कपॅसिटी ३५०० ते ३६०० एमएएचपर्यंत जाते. ५००० च्या वर काही छापलेलं असेल, तर तो आकडा खोटा. ९९०० तर सोडूनच द्या.

२. वजन करा. चांगला सेल साधारण ४४ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅमचा निघाला तर आत माल कमी आहे. पाच-सातशे रुपयांचा छोटा वजनकाटा होलसेलरकडे जाताना खिशात ठेवा. काटा बघून तो चिडला तर उत्तर मिळालंच समजा.

३. वरचं प्लास्टिक बघा. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून, नवीन रॅपर चढवून विकणारे खूप आहेत. टोकाशी पिना मारल्याच्या म्हणजे वेल्डिंगच्या खुणा, घासलेला पत्रा, वाकडं छापलेलं लेबल दिसलं की लॉट बाजूला ठेवा.

४. मोजा. कपॅसिटी तपासणारा चार्जर मिळतो, सेल पूर्ण भरून पूर्ण उतरवतो आणि खरे एमएएच दाखवतो. ही तुमची पहिली गुंतवणूक. प्रत्येक लॉटमधले निदान पाच सेल तपासल्याशिवाय मी आज एकही सेल काउंटरवर ठेवत नाही. सोबत इंटर्नल रेझिस्टन्स दिसत असेल तर एकाच लॉटमधले आकडे एकमेकांजवळ आहेत का ते बघा. एक २० आणि दुसरा ९० दाखवत असेल तर माल मिसळलेला आहे.

५. कागद मागा. लिथियम सेलला आपल्याकडे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, मानक आयएस १६०४६. लेबलवर 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळतंय का बघा. आणि बिल पक्कं घ्या. लिथियम-आयनवर १८ टक्के जीएसटी आहे. 'बिल नको, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडून घेतलेल्या मालाची तक्रार घेऊन तुम्ही जाणार कुठं?

पुण्याची तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, चांगला माल आणि नकली माल एकाच रांगेत मिळतो. गल्लीच्या नावावर विश्वास ठेवू नका, काट्यावर आणि टेस्टरवर ठेवा.

आता पैशाचा हिशोब

सुरुवातीच्या दोन सेलकडे परत येऊ. ७० रुपयांच्या सेलवर ९९०० छापलेलं, टेस्टरवर निघाले ९००. म्हणजे १०० एमएएचला जवळपास ७ रुपये ८० पैसे. १८० चा सेल मोजला तर खरंच २६०० भरला. म्हणजे १०० एमएएचला ६ रुपये ९० पैसे. बघा, 'महाग' सेल पहिल्याच दिवशी स्वस्त पडला!

पुढे आयुष्य धरा. चांगला सेल नीट वापरला तर तीनशे-पाचशे वेळा चार्ज होतो. जुना, रॅपर बदललेला सेल काही महिन्यांत बसतो. मग रिटर्न धरा: बदलून दिलेला माल, गिऱ्हाईकाशी घातलेला अर्धा तास, आणि जे परत न येता फक्त गावात सांगत फिरलं ते गिऱ्हाईक. हा शेवटचा खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही, पण तालुक्याच्या गावात दुकान त्यानेच बसतं.

खरेदीचा नियम असा: किंमत भागिले मोजलेले एमएएच. छापलेले नाही, मोजलेले.

काउंटरवर पाळायचे नियम

गिऱ्हाईकाला सुटा सेल द्यायची वेळ आलीच तर संरक्षक सर्किट असलेलाच द्या. तो दोन-चार मिलिमीटर लांब असतो, टॉर्चमध्ये बसतो का बघून घ्या. बिनसर्किटचे सेल फक्त पॅकच्या कामाला, आणि पॅकला बीएमएस म्हणजे संरक्षक सर्किट लावल्याशिवाय तो दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही.

प्रत्येक सेल प्लास्टिकच्या डबीत. खिशात नाही, स्क्रूच्या ट्रेमध्ये तर अजिबात नाही. सेलचा अख्खा पत्रा निगेटिव्ह असतो, वर फक्त एक छोटी टोपी पॉझिटिव्ह. मध्ये एक पातळ कागदी रिंग आणि वरचं रॅपर. ते फाटलं आणि धातू टेकला की शॉर्ट. फाटक्या रॅपरचा सेल विकू नका.

चार्जर ४.२ व्होल्टला थांबणारा हवा. मोबाईलच्या चार्जरच्या वायरी थेट सेलला लावणारे कारागीर मी पाहिलेत, त्यांच्या नादी लागू नका. रात्रभर चार्जिंगला लावून दुकान बंद करू नका. दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल 'जिवंत' करायचा प्रयत्न करू नका. साठा अर्धवट चार्ज करून, उन्हापासून लांब ठेवा.

उन्हात, धक्क्यात काम करणाऱ्या पंपासाठी आणि सोलरच्या दिव्यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेलही बघा. ३.२ व्होल्टचे असतात, त्याच वजनात साठा थोडा कमी, पण तापणं-पेटणं कमी आणि आयुष्य जास्त. फक्त चार्जर आणि बीएमएस त्यांचेच लागतात, दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळायचे नाहीत.

मेलेले सेल कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळे ठेवा आणि अधिकृत रिसायकलरला द्या. आणि उद्या स्वतःच्या नावाचं लेबल लावून पॅक विकायचं किंवा माल आयात करायचं ठरवलंत, तर बीआयएस नोंदणी आणि बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ खाली उत्पादक म्हणून नोंदणी, हे दोन्ही विषय येतात. पहिला लॉट मागवायच्या आधी जाणकार सल्लागाराकडे जा, नंतर नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

दोन वेगवेगळ्या दुकानांतून एक-एक सेल पक्क्या बिलावर आणा. वजन करा, आर नंबर तपासा, कपॅसिटी मोजा आणि १०० एमएएचला किती रुपये पडले ते वहीत लिहा. एवढ्या दोन ओळींच्या वहीनं तुम्हाला बाजारातल्या निम्म्या दुकानदारांपेक्षा जास्त कळायला लागेल.

ते काका आजही माझ्याकडेच येतात. नवीन बॅटरी घेताना मी त्यांच्यासमोर सेल काट्यावर ठेवतो. त्यांना ग्रॅम-बिग्रॅम फारसं कळत नाही. पण मी मोजतोय, हे त्यांना दिसतं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मोजून घ्या, मोजून द्या.