कळलं कसं नाही?

पॅरिसच्या मेट्रोचं दार बंद होण्याआधीचा भोंगा वाजत होता. लेक पुढे, बायकोच्या हातात नकाशा, आई माझा दंड घट्ट धरून. माझ्या पुढचा माणूस ऐन दारात थबकला, मागचा माझ्यावर आदळला, कुणीतरी “पार्दों” पुटपुटलं. पुढच्या स्टेशनवर पाण्याच्या बाटल्या घ्यायला मागच्या खिशात हात घातला, तर खिसा रिकामा!

“अरे, पण तुला कळलं कसं नाही?” आई म्हणाली.

प्रश्न रास्त होता. मुंबईच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षं सॅक पोटाशी धरून उभा राहणारा माणूस मी. त्या रात्री हॉटेलात कार्डं बंद करून झाली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. घरी परतल्यावर त्याच्या मागे लागलो, आणि चोराचा राग येण्याऐवजी आपल्या शरीराचंच नवल वाटायला लागलं.

आधी त्वचेचं बघू. मुलांच्या कंपासपेटीतला डिव्हायडर काढा. त्याची टोकं दोन-तीन मिलिमीटर अंतरावर ठेवून, डोळे मिटलेल्या कुणाच्या तरी बोटाच्या टोकावर हलकेच टेकवा. दोन टोकं आहेत हे लगेच सांगता येईल. मग तीच टोकं मांडीला किंवा पाठीला लावा. तिथे एकच टोक टोचल्यासारखं वाटेल. ती दोन आहेत हे कळायला अंतर जवळजवळ चार सेंटिमीटरपर्यंत वाढवावं लागतं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी अंगभर असं मोजमाप घेऊन ते 1834 मध्ये प्रसिद्ध केलं. आता गंमत पाहा. चोराचं काम चालतं बोटांच्या टोकांनी, म्हणजे शरीराच्या सर्वांत चाणाक्ष जागांपैकी एका जागेनं. आणि आपण पाकीट ठेवतो ते जवळजवळ सर्वांत मठ्ठ जागी!

त्यात त्वचेला सवय लवकर होते. सकाळी घातलेला शर्ट दुपारी अंगावर जाणवत नाही, चष्मा डोक्यावर असतो आणि शोध घरभर चालतो. काखेत कळसा म्हणतात तो हाच. स्पर्श बदलला नाही की त्याची बातमी मेंदूपर्यंत पोचणं मंदावतं. मनगटावरचं घड्याळ काढून दाखवणारे रंगमंचावरचे कलाकार याचाच उपयोग करतात. ते आधी मनगट किंचित दाबतात. घड्याळ गेल्यावरही तो दाब काही काळ रेंगाळतो आणि घड्याळ जागेवर आहे असंच वाटत राहतं.

मग दारातला धक्का कशासाठी? ढोल-ताशाच्या पथकाशेजारी पैंजण वाजलं तर ऐकू येईल का? स्पर्शाचंही तसंच आहे. खांद्याला बसलेल्या दणक्यात खिशाजवळची हालचाल बुडून जाते.

डोळ्यांना चकवण्याची तऱ्हा तर याहून अजब. अपोलो रॉबिन्स हा अमेरिकन कलाकार प्रेक्षकांचे खिसे त्यांच्यादेखत रिकामे करतो आणि सगळं परत देतो. त्याच्या लक्षात आलं होतं, की हात सरळ रेषेत नेला तर लोकांची नजर चटकन मूळ जागी परतते. कमानीसारखा वळवत नेला तर ती हाताच्या मागोमाग जात राहते. मेंदूशास्त्रज्ञांनी त्याला सोबत घेऊन याचा प्रयोग केला आणि 2011 मध्ये निष्कर्ष छापले. सरळ हालचालीत डोळा उडी मारून शेवटच्या टोकाला पोचतो. वळणाचा शेवट त्याला आधी ताडता येत नाही, म्हणून तो वाटभर सोबत जातो. तेवढ्या वेळात दुसरा हात आपलं काम उरकतो.

नजर एकीकडे गुंतली की दुसरीकडे हात साफ करता येतो, हे चित्रकारांना पाचशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. पॅरिसजवळच्या सॅं-जर्मॅं-आं-ले या गावच्या संग्रहातलं ‘जादूगार’ हे चित्र हिएरोनिमस बॉशच्या नावावर आहे. टेबलावर वाट्या आणि गोळ्यांचा खेळ चाललाय, एक प्रेक्षक वाकून पाहण्यात गुंग झालाय, आणि त्याच्या मागचा माणूस आभाळाकडे बघत त्याची थैली लांबवतोय. 1978 मध्ये हे चित्रच चोरीला गेलं आणि पुढच्या वर्षी परत मिळालं!

आता पुन्हा मेट्रोकडे. दारात थबकलेला, आदळलेला आणि पाकीट काढणारा ही बहुतेक वेळा एकच टोळी असते. काढलेलं पाकीट क्षणात दुसऱ्याच कुणाच्या हाती जातं, त्यामुळे काढणारा सापडला तरी त्याचे हात रिकामे. या टोळ्यांना कंटाळून एप्रिल 2013 मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं आणि मोनालिसा दिवसभर कुलपात राहिली. मे 2015 मध्ये याच कारणासाठी आयफेल टॉवरही काही तास बंद होता.

तेव्हा आईच्या प्रश्नाचं उत्तर असं: एका वेळी सगळीकडे लक्ष देणं मेंदूला परवडत नाही. तो नेहमीचं गाळतो आणि नवीन तेवढं टिपतो. म्हणून तर परक्या शहरात पुढे गेलेली लेक, बायकोच्या हातातला नकाशा आणि आईचा तोल यांच्याकडे मी एकाच वेळी लक्ष देऊ शकलो. चोरानं नेमकी तीच काटकसर हेरली.

सहलीला निघताना पाकीट पुढच्या किंवा चेनच्या आतल्या खिशात ठेवा. पैसे आणि कार्डं दोघा-तिघांत वाटून घ्या, पासपोर्टची प्रत वेगळी ठेवा. दारात कुणी उगाच थबकलं तर आधी हात खिशावर न्या. आणि एवढं करूनही घरातल्या कुणाचं पाकीट गेलंच, तर त्याला पाणी द्या, कार्डं बंद करायला मदत करा, पण “कळलं कसं नाही?” एवढं मात्र विचारू नका.