टेम्पोची पॉलिसी, स्कूटरचा विमा
(विमा समजून घेताना : लेखांक 7)

मागच्या आठवड्यात आपण खोटे क्लेम पाहिले. या वेळी खोटी पॉलिसी. यात वाहनमालक स्वतःच फसलेला असतो, आणि बहुतेक वेळा अपघात होईपर्यंत त्याला ते कळतही नाही.

आमच्या भागात भाजीचा टेम्पो चालवणारे एक गृहस्थ आहेत. पासिंग जवळ आले म्हणून त्यांनी पॉलिसीची प्रिंट काढली होती, ती सहज माझ्या हातात दिली. नाव बरोबर, गाडीचा नंबर बरोबर, कंपनीचा लोगो, क्यूआर कोड, सगळे जागच्या जागी. माझी नजर अडली ती इंजिनच्या क्षमतेच्या रकान्यावर. तिथे 109 सीसी छापले होते.

"दादा, 109 सीसीचा टेम्पो कुठे असतो का?"

क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला. कंपनीचे खरे पान उघडले. पॉलिसी नंबर खरा, मुदत चालू, आणि वाहनाचा प्रकार : दुचाकी.

"किती दिले होते?"

"साडेनऊ हजार. बाकीचे सोळा सांगत होते. हा म्हणाला, आपली ओळख आहे, कमी करून देतो."

ही युक्ती नीट समजून घ्या. एजंट म्हणवणारा माणूस ऑनलाइन फॉर्म भरताना नंबर टेम्पोचाच टाकतो, पण वाहन म्हणून स्कूटर निवडतो. जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी प्रीमियम 714 रुपये, तर साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा 16,049, जीएसटी वेगळा. हा 714 भरतो, कंपनीकडून आलेल्या पीडीएफमधला वाहनाचा प्रकार आणि रकमा बदलतो, आणि उरलेले पैसे खिशात घालतो. कागद पूर्ण बनावट नसल्यामुळेच तो पचतो. नाक्यावर कोणी नंबर टाकून पाहिला, तरी विमा चालू दिसू शकतो.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवते. शाळेच्या बस, विजेवरची वाहने असे ठरलेले अपवाद सोडले, तर त्यात सवलत देण्याचा अधिकार कोणालाच नाही. घासाघीस होते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. नुसत्या थर्ड पार्टीत कोणी 'कमी करून' देत असेल, तर तिथेच थांबा.

साडेनऊ हजार गेले एवढ्यावर हे निभावत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 ने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी. समजा, या टेम्पोखाली सायकलवरून कामाला निघालेला कोणी गेला. त्याची बायको मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते. कंपनी सांगते, आम्ही विमा स्कूटरचा उतरवला होता, या टेम्पोचा नाही. मग भरपाई मालकाच्या अंगावर येते आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. पण ज्याच्याकडे विकायला टेम्पोच आहे, त्याच्याकडून वसूल काय होणार? हिट अँड रनमधल्या मृत्यूसाठी असलेले 2 लाखही त्या बाईला मिळत नाहीत, कारण ते गाडीचा पत्ता न लागलेल्या अपघातांसाठी आहेत. इथे गाडी समोर उभी असते. मला या सगळ्यात सर्वात जास्त सलते ते हेच.

पॉलिसी हातात आली की आरसी शेजारी ठेवून वाहनाचा प्रकार, सीसी, आसनसंख्या, इंजिन आणि चासिस नंबर जुळवा. क्यूआर कोड स्कॅन करा, आणि उघडलेले पान नुसते 'चालू आहे' म्हणून बंद करू नका, खालपर्यंत वाचा. पैसे कंपनीच्या खात्यातच भरा.

शंका आली तर आधी एजंटला फोन करू नका. तो पैसे परत देतो म्हणेल आणि चॅट पुसून टाकेल. आधी चॅट, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि मूळ पीडीएफ जपून ठेवा. कंपनीला ईमेलने लेखी कळवा. पोलिस ठाण्यात अर्ज द्या, पोच घ्या. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर वेळ न दवडता 1930 वर फोन करा. कंपनीने दाद दिली नाही, तर इर्डाच्या 155255 या क्रमांकावर किंवा बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

टेम्पोवाल्या दादांची भीती वेगळी होती. "कागद माझ्याकडे सापडला, मलाच आत टाकतील." ही भीती अनेकांना गप्प बसवते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 340 प्रमाणे बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे गुन्हा आहे, पण तो बनावट आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला कारण असताना वापरला तर. दादांना आज कळले. आता हाच कागद दाखवून उद्या गाडी काढली, तर मात्र तेही त्यात येतात.

दोन दिवस टेम्पो दारातच उभा राहिला. दादांनी अर्ज दिला, पूर्ण दराने नवी पॉलिसी घेतली, आणि तिसऱ्या पहाटे मार्केट यार्डात गाड्या लागल्या होत्या तिथे सगळ्यांना मोबाइल काढायला लावले. त्या एजंटकडून पॉलिसी घेतलेले तिथे आणखी चौघे होते. दिव्याच्या उजेडात प्रत्येक जण आपापल्या कागदावर सीसीचा रकाना शोधत होता.