दोन नकलांतील भेद

एकाच खरेदीखताच्या दोन नकला आहेत असें समजावें. एकींत चतुःसीमा अशी: "पूर्वेस ओढा, पश्चिमेस वळसंगची वाट." दुसरींत: "पूर्वेस जुना ओढा, पश्चिमेस वळसंगची वाट." सोलापुराहून अक्कलकोटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वळसंगच्या शिवारांतली ही जमीन. मधल्या काळांत ओढ्यानें पात्र बदललें असेल, तर त्या एका 'जुना' शब्दावर कित्येक गुंठ्यांची मालकी फिरते! आणि दस्त वीस पानांचा असला, म्हणजे तो शब्द डोळ्यांना सांपडेलच असें नाहीं; मन अर्थामागें धांवतें, अक्षर मागें राहतें.

हें काम संगणकास सांगतां येतें. मात्र पहिला शब्द पहिल्याशीं, दुसरा दुसऱ्याशीं ताडण्याची भोळी रीत येथें फसते. 'पूर्वेस' जुळतो, पुढें 'ओढा' याच्यासमोर 'जुना' येतो आणि तेथून अखेरपर्यंत एकही जोडी जमत नाहीं. म्हणून यंत्रास निराळा प्रश्न घालावा लागतो: दोन्ही नकलांत त्याच क्रमानें येणारी, शब्दांची सर्वांत लांब मालिका कोणती? ती पांच शब्दांची निघते. बाहेर उरतो तो 'जुना'. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या 'डिफ' या आज्ञावलीमागील हें तत्त्व हंट व मॅक्इलरॉय यांनीं १९७६ सालीं लिहून प्रसिद्ध केलें. डिफ ओळीशीं ओळ ताडते. शब्दाशब्दांतला भेद हवा असल्यास दर शब्द स्वतंत्र ओळीवर मांडून द्यावा.

यंत्राच्या पुष्कळ आधीं पुण्यास हेंच काम हातानें चाललें होतें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं आरंभिली व १९६६ सालीं पुरी केली. तेथील पंडित चौकटी आंखलेल्या कागदाच्या माथ्याशीं श्लोक लिहीत आणि दर पोथीस एक ओळ देऊन तिचा पाठभेद त्या त्या अक्षराच्या बरोबर खालीं नोंदवीत. सारी खुबी या 'बरोबर खालीं' मध्यें होती. पोथींत कांहीं गळलें वा वाढलें, तरी पुढचीं अक्षरें आपली जागा सोडीत नसत.

देवनागरीची एक अडचण मात्र पोथीवाल्यांस ठाऊक नव्हती. 'शेतकऱ्याची' या शब्दांतील 'ऱ' संगणकांत एका खुणेनें सांठवितां येतो, किंवा 'र' व खालचा नुक्ता अशा दोन खुणांनीं. कागदावर दोन्ही सारखेच; यंत्रास ते निराळे. तेव्हां तुलनेपूर्वीं दोन्ही नकला एकाच लेखनरूपांत आणाव्या, नाहींतर दर दोन ओळींस खोटा भेद निघेल आणि खरा त्यांत बुडून जाईल.

शिवाय 'जुना' आणि एखादा स्वल्पविराम यांस यंत्र एकाच मापानें मोजतें. म्हणून आज्ञावलीनें मूळ नकलांस हात न लावतां भेदांची यादी तेवढी वेगळी काढावी. ओढा कोणता, तें दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील नोंदलेल्या दस्तावरून ठरवावें लागेल.