परत आलेली पाळी

लोकमत चौकातून रामदासपेठेत शिरलं की दर दोन इमारतींमागे एक दवाखाना लागतो आणि त्याच्या पायथ्याशी मेडिकल स्टोअर. जानेवारीची सकाळ आहे. रस्त्याच्या कडेला एमपी आणि सीजी पासिंगच्या गाड्या लागल्या आहेत. बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगावहून माणसं पहाटेच निघून आलेली. कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमच्या वेटिंग रूममध्ये मी आणि माझी धाकटी जाऊ नंबरची वाट बघत बसलोय. तिचं वय एकोणचाळीस. किमो पावसाळ्यात संपली, केस आता बोटभर वाढलेत.

सगळे स्वेटर-शालीत गुरफटलेले. अचानक जाऊ अंगावरची शाल फेकते. कान लाल, मानेवर घामाचे टपोरे थेंब, फाईलनं ती भराभरा वारा घेतेय.

"दादा, पंखा लावा नं थोडा!"

"या थंडीत?" कोपऱ्यातून कुणीतरी कुरकुरतं.

"लावा जी, लावा," शेजारची बाई म्हणते. "मलेबी लय येत होत्या ह्या वाफा."

दोनेक मिनिटांत वाफ ओसरते. घाम वाळतो, जाऊला कुडकुडायला होतं, ती शाल पुन्हा ओढून घेते आणि पंखा बंद करायला सांगते. कोपऱ्यातला माणूस हात जोडतो. सगळे हसतात, तीसुद्धा.

ती मुळात खुशीत आहे. तिसऱ्या डोसनंतर थांबलेली पाळी मागच्या आठवड्यात आली. जन्मभर त्या चार दिवसांना अडचण म्हणत आलेल्या आमच्या सासूबाईंनी या वेळी तिच्या हातावर साखर ठेवली.

नंबर लागतो. खुर्चीत बसायच्या आतच ती सांगून टाकते, "मॅडम, पाळी आली!"

मॅडम फाईल उघडतात, बायोप्सीच्या रिपोर्टवर बोट ठेवतात. "तुमची गाठ हार्मोनवर वाढणारी होती. पाळी आली म्हणजे अंडाशय पुन्हा इस्ट्रोजेन बनवतंय. तेच त्या पेशींचं खाद्य."

जाऊचं हसू ओठांवरच राहतं.

मॅडम कागदावर दोन लंबगोल काढतात, आत ठिपके भरतात आणि त्यातले बरेच खोडतात. किमोनं अंडाशयातली अंडी अशी मरतात. सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधानं जास्तच. वय कमी असेल तर उरलेली अंडी पुन्हा कामाला लागतात, कुणाची काही महिन्यांत, कुणाची वर्ष-दीड वर्षानं. चाळिशीनंतर मात्र बऱ्याच जणींची पाळी कायमची जाते. "म्हणून तुमच्या वयात पाळी थांबली म्हणजे संपलीच असं धरायचं नाही. पाळी नसतानाही दिवस राहू शकतात, आणि टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असताना ते चालणार नाही. गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्यातही हार्मोन असतात. कॉपर-टी किंवा निरोध."

मग इंजेक्शनचं निघतं. गोसेरेलिन. पोटाच्या कातडीखाली, दर 28 दिवसांनी. अंडाशयाला झोपवून ठेवणारं.

"म्हणजे आली ती परत बंद करायची?"

"हो. आणि वाफा थोड्या वाढतील."

त्यावरही औषध आहे, पण रजोनिवृत्तीत इतर बायकांना देतात त्या हार्मोनच्या गोळ्या हिला चालणार नाहीत. दुसऱ्या गोळ्या आहेत, त्याही मनानं घ्यायच्या नाहीत. त्यात नैराश्यावरच्या गोळ्याही येतात आणि त्यातल्या काही टॅमॉक्सिफेनचा जोर कमी करतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून डेक्सा स्कॅन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोजचं चालणं. आलेली पाळीच आहे ना, याची खात्री करायला एक सोनोग्राफी.

जाऊ माझ्याकडे बघते, मग आवाज उतरवून विचारते, "आणि ते... कोरडेपणाचं?"

मॅडमचा आवाज होता तेवढाच राहतो. हार्मोन नसलेली क्रीम आणि जेल मिळतात. त्या नावं लिहून देतात.

बाहेर काउंटरवरचा मुलगा कॅलेंडर पुढं सरकवून पुढची तारीख सांगतो. "आठवीत असल्यापासून तारखा मोजून राहिली मी," जाऊ म्हणते. "आता इंजेक्शनच्या मोजायच्या. महिन्याची तारीख काही सुटत नाही बाप्पा."

बाकावर अमरावतीची एक मुलगी आणि तिची आई. मुलगी सत्तावीस वर्षांची. तिच्या गाठीचा हार्मोनशी संबंध नव्हता. तिचीही पाळी परत आलीय आणि तिच्यापुरती ती निव्वळ चांगली बातमी आहे. किमोआधीच अंडी गोठवून ठेवलीत, कारण पाळी आली तरी अंडी किती उरली ते तेवढ्यावरून कळत नाही. हे सगळं आईच सांगते. मुलगी मोबाइलमधून मान वर काढत नाही.

पंख्याची बाजू घेणाऱ्या बाई यवतमाळकडच्या. साठीला टेकलेल्या, पाळी जाऊन दहा वर्षं झाली. टॅमॉक्सिफेन चालू. जाऊची गोष्ट ऐकल्यावर त्या तिच्या कानाशी लागतात. "मलेबी दोनदा डाग दिसला. पण पोरगा संगं येते आत. त्याच्यासमोर काय सांगू? आज गुडघ्याचंच सांगतो."

जाऊ सावरून बसते. पाळी गेल्यावर, त्यातून या गोळीवर असताना, एक डाग दिसला तरी तो डॉक्टरांच्या कानावर घालायचाच. गोळीनं क्वचित गर्भाशयाच्या अस्तरात कॅन्सर होऊ शकतो. हे तिला किमो संपताना सांगितलेलं आहे आणि तिनं ते नीट ऐकलेलं आहे.

ती थेट मुलाकडे वळते. "दादा, आईसाठी खालून चहा आणता का? साखर कमी."

तो जिना उतरतो. तेवढ्यात बाईंचा नंबर पुकारतात.

"चला मावशी, मी येते आत," जाऊ त्यांची फाईल उचलते. "आधी डागाचं सांगायचं. गुडघ्याचं मागून."